फ्रेटलेस बेस गिटारच्या फिंगरबोर्डावरच्या खुणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रेटलेस बेस घ्यायचा ठरला (फ्रेट म्हणजे फिंगरबोर्डावर, तारांखालच्या पट्टीवर, आडव्या बसवलेल्या धातूच्या तारा; फ्रेटलेसला त्या नसतात) की पहिला घोळ होतो तो खुणांचा. रेघांचा घ्यायचा की कोरा? कडेचे ठिपके कुठे हवेत? घरात पडलेल्या जुन्या बेसचे फ्रेट काढले तर खाचांत भरायचं काय? तालमीच्या चहाला, दुकानाच्या काउंटरवर आणि रात्री अकरानंतर फोनवर हेच प्रश्न फिरून फिरून येतात. म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहिली आहेत. सगळी मापं ३४ इंची, म्हणजे ८६३.६ मि.मी. स्केलच्या (स्केल म्हणजे खुंट्यांकडच्या नटपासून खालच्या ब्रिजपर्यंत तारेची वाजती लांबी) नेहमीच्या बेसची आहेत. वेगळ्या लांबीच्या बेसचा हिशेब सगळ्यात शेवटी दिला आहे.

खुणा म्हणजे नेमक्या कुठल्या?

तीन ठिकाणच्या. फिंगरबोर्डाच्या तोंडावर, फ्रेटची तार जिथे असती तिथे मारलेली आडवी रेघ ही पहिली. तोंडावरचेच ठिपके किंवा चौकोन ही दुसरी. आणि नेकच्या, म्हणजे मानेच्या, वरच्या कडेवर, वाजवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येणारे बारीक ठिपके ही तिसरी. पहिल्या दोन प्रेक्षकांना छान दिसतात. पट्टा लावून उभं राहिलं की आपल्याला दिसते ती मुख्यतः तिसरी. तरीही दुकानात अर्धा तास चर्चा रेघांची होते आणि कडेच्या ठिपक्यांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. माझ्या मते क्रम उलटा हवा. आधी ठिपके बघा, रेघांचं नंतर ठरवा.

पहिलाच फ्रेटलेस आहे. रेघांचा घेऊ की कोरा?

रेघांचा घ्या. "कोऱ्यावर शिकलं की कान तयार होतो" असं सांगणारे भेटतील. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. कान तयार होतो तो तानपुरा लावून हळू वाजवल्याने. खुणा नाहीत म्हणून आपोआप काही तयार होत नाही. खुणा नसतील तर सुरुवातीचे सहा महिने माणूस बेसूर वाजवतो आणि त्या बेसूर जागाच हाताला पाठ होतात.

बाराव्या फ्रेटच्या जागेच्या वर वारंवार जाणारे, दोन-तीन सूर एकदम वाजवणारे, किंवा स्टुडिओत नोटेशन समोर ठेवून पहिल्याच टेकला सुरात लागायलाच हवं अशी कामं करणारे, अशा सगळ्यांनीही रेघाच घ्याव्यात. खालच्या जागांवर, संथ लयीत, भावगीत-गझलेच्या साथीला वाजवणाऱ्याला कोरा बोर्ड आणि नीट मारलेले कडेचे ठिपके पुरतात. तो दिसायलाही देखणा असतो आणि देखणेपणासाठी कुणी घेतला तर माझी काही हरकत नाही.

कडेलाही ठिपके नसलेला, पूर्ण कोरा बेस मात्र विचार करून घ्या. "डबल बेसवर कुठे खुणा असतात?" हा युक्तिवाद इथे लंगडा पडतो. डबल बेसची मान जिथे खोक्याला मिळते तो उंचवटा अंगठ्याला लागतो आणि तिथे कुठला सूर आहे हे हाताला कळतं. बेस गिटारवर तो जोड बाराव्याच्याही पलीकडे येतो. खालच्या सगळ्या जागांवर अंगठ्याला सलग गुळगुळीत लाकूडच लागतं.

रेघा बघून वाजवणं म्हणजे लबाडी नाही का?

अमेरिकन बेसवादक जॅको पास्टोरियस यांनी १९६२ च्या फेंडर जॅझ बेसचे फ्रेट काढले, खाचा भरल्या आणि वर बोटींना लावतात ते इपॉक्सी, म्हणजे सुकून कडक होणारा राळेचा थर, चढवलं. भरलेल्या खाचांच्या रेघा त्या बोर्डावर स्पष्ट दिसायच्या. १९७६ साली त्यांचा पहिला एकल अल्बम आला आणि फ्रेटलेसकडे बघायची जगाची नजरच बदलली. त्यांना कुणी लबाड म्हटल्याचं ऐकिवात नाही.

आपल्याकडे सरोदच्या पत्र्यावर एकही खूण नसते, सतारीला पडदे असतात. त्यावरून कुणी वादकाची पायरी ठरवत नाही. हा वाद मला तरी कंटाळवाणा वाटतो, म्हणून पुढे जाऊ.

कडेचे ठिपके रेघेवर असावेत की दोन रेघांच्या मधोमध?

या पानावर एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

फ्रेट असलेल्या बेसवर ठिपका दोन फ्रेटच्या मधोमध असतो, कारण बोट तिथे दाबायचं असतं. सूर मात्र ठरतो बोटाच्या पुढच्या फ्रेटवर. फ्रेटलेसवर तो फ्रेटच नाही, बोटाचं टोकच त्याचं काम करतं. म्हणजे बोट फ्रेटच्या जागेवर, रेघेवर पडायला हवं. आता गंमत अशी की काही फ्रेटलेस बेसना ठिपके रेघेच्या टोकाशी असतात आणि काहींना जुन्या सवयीने मधोमध. सगळे उत्पादक पाळतात असा एकच नियम नाही.

मधोमध असलेल्या ठिपक्यावर भाबडेपणाने बोट ठेवलं तर काय होतं? अकराव्या आणि बाराव्या फ्रेटच्या जागांत २५.७ मि.मी. अंतर आहे. मधला ठिपका बाराव्याच्या १२.८ मि.मी. मागे येतो. सूर लागतो जवळजवळ ५० सेंट उतरलेला. १०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर, म्हणजे तुम्ही बरोबर दोन सुरांच्या मध्ये लटकता. तिसऱ्या फ्रेटच्या जागेला हीच चूक २१.६ मि.मी.ची होते. कानाला ती तितकीच, पुन्हा साधारण ५० सेंट. म्हणजे पूर्ण मानेवर सगळीकडे सारखंच बेसूर, आणि वाजवणाऱ्याला वाटतं ट्यूनिंग गेलंय.

दुकानात ओळखायचं कसं? बाराव्याच्या ठिपक्याच्या अगदी वर तारेला बोट नुसतं टेकवा, दाबू नका, आणि तार छेडा. घंटेसारखा स्वच्छ हार्मोनिक वाजला तर ठिपका रेघेवर आहे. तिथे काहीच वाजलं नाही आणि बोट सेंटिमीटरभर ब्रिजकडे सरकवल्यावर वाजलं, तर ठिपका मधोमध आहे. हीच परीक्षा सातव्या आणि पाचव्यालाही करता येते. त्या जागा तारेच्या एक तृतीयांश आणि एक चतुर्थांशाला मि.मी.च्या आतबाहेर जुळतात.

माझी पसंती निःसंशय रेघेवरच्या ठिपक्यांना. पण एकाच कार्यक्रमात फ्रेटचा आणि फ्रेटलेस असे दोन्ही बेस आलटून पालटून वाजवणारे काही ऑर्केस्ट्रावाले मधोमधच मागतात, कारण नजरेची सवय मोडायची नसते. ते ठिपक्यावर नेम धरत नाहीत. ठिपक्यावरून घर, म्हणजे दोन रेघांमधली जागा, ओळखतात आणि बोट घराच्या पुढच्या टोकाला टाकतात. हे चालतं. न चालणारी गोष्ट म्हणजे आपले ठिपके कुठल्या जातीचे आहेत हेच माहीत नसणं.

ठिपके चुकीच्या जागी असलेला बेस गळ्यात पडलाय. आता?

जुने ठिपके तसेच ठेवून रेघेवर नवे मारता येतात, फक्त रंग वेगळा ठेवा. दोन्ही पांढरे ठेवले तर स्टेजवर गोंधळ ठरलेला. कायमचं काम करायचं तर २ मि.मी. ड्रिलने उथळ भोक, त्यात पांढऱ्या प्लास्टिकची कांडी, थेंबभर फेव्हिक्विक, मग कांडी कडेला सपाट कापून पॉलिश पेपर. नेक बाहेर काढून, टेबलावर पक्का आवळून हे करा. मांडीवर धरून नको.

बोर्डाच्या तोंडावरचे ठिपके, चौकोन उपयोगी आहेत का?

शोभेला. वाजवताना ते दिसावेत म्हणून बेस तोंडाकडे वाकवला की मनगट मोडतं आणि थोड्याच दिवसांत दुखायला लागतं.

मि.मी.भर चुकलं तर खरंच ऐकू येतं?

खाली कमी, वर जास्त. पहिल्या फ्रेटच्या जागेला १ मि.मी. म्हणजे साधारण २ सेंट. बाराव्याला ४ सेंट. एकोणिसाव्याला ६ सेंट. बोटाचं टोक स्वतःच दहा-पंधरा मि.मी. रुंद असतं, त्यामुळे रेघ बघून "मी बरोबर आहे" असं म्हणण्याला खालच्या जागांवरही मर्यादा आहेत आणि वर तर फारच. रेघ तुम्हाला योग्य सुराच्या दारात आणून सोडते. आत जायचं ते कानाने, बोट किंचित लोळवून.

रेघेवर बरोबर बोट ठेवतो, तरी कणसूर लागतं. का?

चार कारणं वारंवार दिसतात. एक, ब्रिजची सॅडल (तार ज्यावर टेकते ते पुढे-मागे सरकणारे तुकडे) नीट लावलेली नाहीत. बाराव्यावर हार्मोनिक वाजवा, मग त्याच रेघेवर बोटाचा मध्य ठेवून दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे घ्या, उतरलेला असेल तर पुढे. हे होईपर्यंत रेघांना काही अर्थ नाही. दोन, तारा फार उंच. दाबताना तार ताणली जाते आणि सूर चढतो. तीन, नजर. आपण वरून तिरकं बघतो, त्यामुळे कडेचा ठिपका आणि जाड ई तारेवरचं बोट जुळल्यासारखं दिसतं, पण लांबच्या जी तारेवर तेच बोट मागे-पुढे झालेलं असतं. आरशासमोर उभं राहून एकदा बघा, लगेच लक्षात येईल. चार, बोट रेघेच्या मागे. फ्रेटच्या बेसची सवय आहे ती, जायला वेळ लागतो.

तानपुरा किंवा गायकाबरोबर वाजवताना रेघा पाळायच्या का?

हा प्रश्न मुंबईत जितका येतो तितका बहुधा इतर ठिकाणी येत नसावा, कारण इथे सकाळी जिंगल, दुपारी नाट्यसंगीताची तालीम आणि रात्री फ्यूजन असा दिवस असतो.

रेघा मारलेल्या असतात त्या बारा समान भागांच्या हिशेबाने. कीबोर्ड, गिटार, हल्लीची हार्मोनियम यांच्याबरोबर त्या बरोबर आहेत. तानपुऱ्यासमोर तसं नाही. मोकळी तार सा धरली तर चौथी रेघ येते नटपासून १७८.२ मि.मी.वर. तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार मात्र तारेच्या बरोबर एक पंचमांशावर आहे, म्हणजे १७२.७ मि.मी.वर. रेघेच्या जवळजवळ साडेपाच मि.मी. मागे, १४ सेंट खाली. पटत नसेल तर चौथ्या रेघेच्या किंचित मागे तारेला बोट टेकवून हार्मोनिक शोधा. तो रेघेवर नीट वाजत नाही, मागे सरकलं की खणखणीत वाजतो. पंचमाचं तसं नाही, तिथे फरक पाऊण मि.मी.सुद्धा भरत नाही.

म्हणून गायकाबरोबर सा आणि प रेघेवर निर्धास्त ठेवा, गंधार-निषाद कानावर सोडा. सोबत हार्मोनियमही असेल तर कुणाकडे झुकायचं हे बुवांना विचारून घ्या. बेस जाड आवाजाचा असल्याने दोघांच्या मध्ये थांबलात तर दोघांनाही खटकता.

कोऱ्या बोर्डावर तात्पुरत्या खुणा कशा कराव्यात?

नागदेवी स्ट्रीटवरून एक मीटरची पोलादी पट्टी आणा. शाळेची फूटपट्टी नको. माप नेहमी नटच्या फिंगरबोर्डाकडच्या काठापासून घ्या, प्रत्येक खूण तिथूनच. आधीच्या खुणेपासून पुढची मोजत गेलात तर चूक साठत जाते.

तिसरा १३७.४, पाचवा २१६.६, सातवा २८७.२, नववा ३५०.१, बारावा ४३१.८, पंधरावा ५००.५, सतरावा ५४०.१, एकोणिसावा ५७५.४ मि.मी.

कडेवर मास्किंग टेपची सलग पट्टी लावून तिच्यावर बारीक पेनाने खुणा करा आणि आठवडाभर वाजवून बघा. पटल्या की व्हाइटनर किंवा नेलपॉलिशचा ठिपका, टाचणीच्या डोक्याने ठेवलेला. वार्निश असलेल्या कडेवर नेलपॉलिश आधी कुठेतरी लपलेल्या जागी लावून बघा, काही वार्निशं त्याने मऊ पडतात. बोर्डाच्या तोंडावर तारेखाली स्टिकर चिकटवू नका. ते बोटांना लागतात, तार त्यांच्यावर झणझणते आणि जूनच्या दमट हवेत त्यांचा गोंद पाझरून बोर्ड चिकट होतो.

जुन्या बेसचे फ्रेट काढून घरीच रेघांचा फ्रेटलेस करता येईल का?

येईल, स्वस्त बेसवर जरूर करून बघा. फ्रेटवर सोल्डरिंग आयर्न फिरवून तो गरम करा, मग धारदार पकडीने एका टोकाकडून हळूहळू उचलत जा. घाई केली की खाचेच्या काठाचे लाकडाचे कपचे उडतात. उडाले तर फेकू नका, तिथेच फेव्हिक्विकने बसवा.

खाच साधारण अर्ध्या मि.मी.हून थोडी जास्त रुंद असते. सजावटीचं व्हिनिअर साधारण तेवढंच जाड येतं, त्यामुळे त्याच्या पट्ट्या उत्तम बसतात. रे रोडच्या लाकूड बाजारात किंवा कुठल्याही प्लायवुडवाल्याकडे व्हिनिअरचे तुकडे पडलेले असतात, मागितले तर कधीकधी फुकट मिळतात. शिसवी बोर्डाला फिकट मेपलचं, मेपलच्या बोर्डाला गडद अक्रोडाचं. जुन्या एटीएम कार्डाच्या पट्ट्या कापायची कल्पना अनेकांना सुचते, पण कार्ड पाऊण मि.मी. जाड असतं. ते ठोकून बसवलं तर पाचर मारल्यासारखं होऊन नेक मागे वाकतो. वीस खाचांत वीस पाचरी, विचार करा. उलट खाचा रिकाम्या ठेवल्या तर नेक पुढे झुकतो, म्हणून काहीतरी भरायलाच हवं. नुसता भुसा आणि फेव्हिकॉल भरून चालतं, पण तो वाळला की खाली बसतो. दोनदा भरावं लागतं आणि रेघ पुसट दिसते.

भरून झालं की बोर्डाचा गोलावा सांभाळत, तसाच गोलावा असलेल्या ठोकळ्यावर पॉलिश पेपर लावून घासा. आणि शेवटचं काम लोक विसरतात ते: नट खाली करा. फ्रेटची सुमारे मि.मी.भर उंची गेली, म्हणजे तारा तेवढ्याने उंच राहिल्या. नटच्या खाचा बारीक कानशीने खोल केल्याशिवाय पहिल्या तीन जागा कधीच सुरात लागणार नाहीत.

महागडा किंवा जुना मौल्यवान बेस असेल तर हे सगळं कारागिराकडून करून घ्या.

वर इपॉक्सीचा थर द्यावा का?

राउंडवाउंड (खरखरीत गुंडाळीच्या) तारा वापरणार असाल तर विचार करा, त्या शिसवी बोर्डाला कानशीसारख्या खातात आणि रेघांचं लाकूडही झिजवतात. फ्लॅटवाउंड (सपाट, गुळगुळीत गुंडाळीच्या) वापरणाऱ्याला गरज नाही. कोटिंगचं इपॉक्सी वेगळं मिळतं. चिकटवायचं ॲराल्डाइट बोर्डावर ओतू नका. आणि पावसाळ्यात हे काम काढू नका, दमट हवेत इपॉक्सीवर मेणासारखा थर धरतो. दिवाळीनंतर करा.

मुंबईच्या हवेत रेघा उठतात का?

लाकडी रेघा बोटाला किंचित जाणवू लागतात, हो. जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते, रेघेचं लाकूड आणि बोर्डाचं लाकूड वेगवेगळ्या प्रमाणात फुगतं. ऑक्टोबरपर्यंत वाट बघा, बहुतेकदा परत बसतं. उठलेली रेघ भर पावसाळ्यात घासून सपाट केलीत तर हिवाळ्यात तिथे खड्डा पडतो. नेकची वाकण मात्र पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी, दोनदा तपासून ट्रस रॉडने (नेकच्या आतल्या धातूच्या दांड्याने) नीट करून घ्या, कारण ती बदलली की तारांची उंची बदलते आणि रेघांवरचा सूरही.

स्टेजवर अंधारात ठिपके दिसत नाहीत.

गडद कडेवर पांढरे, फिकट कडेवर काळे. लाल ठिपके घेऊ नका, फिकट कडेवर लाल लाइट पडला की ते गायब होतात. जुने मळकट ठिपके थोडे घासले तरी उजळतात. अंधारात चमकणारे ठिपकेही मिळतात, जपानी ल्युमिनले त्यातलेच. विंगेत उभं असताना मोबाइलच्या टॉर्चचा उजेड दिला की ते चमकतात, मग हळूहळू मंद होत जातात. गणपतीतल्या ऑर्केस्ट्राला आणि नाटकाच्या पिटात बसणाऱ्यांना ते लावून घ्या असं मी हक्काने सांगतो.

माझा बेस ३० किंवा ३५ इंची आहे. मापं कशी काढायची?

वरच्या आकड्यांना ३० इंचासाठी ०.८८२ ने, ३५ इंचासाठी १.०२९ ने गुणा. वेगळंच काही असेल तर पूर्ण स्केल लांबीला १७.८१७ ने भागा, पहिल्या फ्रेटची जागा मिळते. उरलेल्या लांबीला पुन्हा १७.८१७ ने भागा, दुसऱ्याची. असंच पुढे. बाराव्याला बरोबर अर्धी लांबी आली तर हिशेब जमला. नाही आली तर मधे कुठेतरी आकडा घसरलाय, पट्टी हातात घेण्याआधी तो शोधा.